मुलं बरोबर असतील तर क्रूझवरचं ठरलेलं टेबल सोडू नका: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की लहान मुलं बरोबर असतील तर क्रूझवर रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर, मुख्य डायनिंग रूममध्येच घ्यावं. त्यावर ताईंचं म्हणणं असं: "चार वर्षांच्या मुलाला पावणेदोन तास खुर्चीत बसवून दाखवा, मग सल्ले द्या. आमचा मुलगा मेन कोर्स यायच्या आत टेबलावरच झोपला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बुफेला गेलो आणि सुटलो." शिवाय जेवण तिकिटातच असल्याचं सांगतात आणि बोटीवर पाय ठेवला की एकेका गोष्टीचे पैसे लावतात, याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे मी कंपन्यांची तळी उचलते, असंही त्या म्हणतात. आणि शेवटी प्रश्न विचारलाय की पुढच्या वेळी आठ महिन्यांची भाची बरोबर असेल, तिच्या खाण्याचं काय करायचं.

आधी आरोपाचं बघू. आमची तिकिटं आम्ही आमच्या पैशांनी काढतो आणि कोणत्याही कंपनीकडून मी काहीही घेतलेलं नाही. पैशांच्या मुद्द्याकडे खाली येतेच.

तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते दोन शब्द म्हणजे "दुसऱ्या दिवसापासून". म्हणजे तुम्ही डायनिंग रूमची फक्त पहिली रात्र पाहिलीत, आणि पहिली रात्र प्रत्येक बोटीवर सगळ्यात संथ असते. लोक टेबल शोधत फिरत असतात, निम्म्यांना जागा बदलून हवी असते. वेटरला त्याच्या वाट्याची सगळी टेबलं नवीन असतात. कोणाला तिखट चालत नाही, कोण शाकाहारी आहे, कोणाचं बाळ किती वेळ तग धरेल, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. स्वयंपाकघरालाही अजून या प्रवाशांचा अंदाज आलेला नसतो. त्या रात्रीवरून पुढच्या सगळ्या रात्रींचा निकाल लावणं मला पटत नाही.

हे असं का चालतं ते समजलं की पुढचं सोपं जातं. मोठ्या बोटीवर हजारो प्रवासी असतात आणि डायनिंग रूममध्ये सगळे एकदम मावत नाहीत. म्हणून दोन पंगती असतात. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. संध्याकाळचे खेळही त्याच हिशोबाने लावलेले असतात, एक पंगत जेवत असते तेव्हा दुसरी थिएटरमध्ये बसलेली असते. स्वयंपाकघर एका पंगतीचं अन्न एका लाटेत बाहेर काढतं. त्यामुळे तुम्ही वीस मिनिटं उशिरा पोहोचलात की त्या लाटेच्या मागे पडता, आणि मग मुलं सूपच्या वाटीकडे बघत ताटकळतात. वेळेवर पोहोचणं हा अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा म्हणजे बसल्या बसल्या वेटरला एकच सांगायचं, "मोठ्यांचे स्टार्टर आणाल तेव्हाच मुलांचं मेन कोर्स आणा." हे न सांगता तो आपणहून करेलच असं नाही, कारण कित्येक घरांना मुलांनी सगळ्यांबरोबर जेवलेलं हवं असतं. पण एकदा सांगितलं की तो पुढच्या रात्री विचारतही नाही, करूनच टाकतो.

आणि सगळे कोर्स खाल्लेच पाहिजेत असा कुठे नियम आहे? मूल पेंगायला लागलं तर मेन कोर्सनंतर उठा. डेझर्ट केबिनमध्ये न्यायला कोणी हरकत घेत नाही. बऱ्याच बोटींवर रात्रीच्या जेवणाची किड्स क्लबशी, म्हणजे मुलांना खेळवणाऱ्या, सांभाळणाऱ्या विभागाशी, सांगड घालून दिलेली असते. डिस्नेच्या बोटींवर दुसऱ्या पंगतीला मुलांना आधी वाढतात आणि क्लबमधली माणसं डायनिंग रूममध्ये येऊन मुलांना घेऊन जातात. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या बोटींवरही याच धर्तीची सोय राहिलेली आहे. तुमच्या बोटीवर असं काही आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बोटीवर चढल्यावर कळलं तर बहुधा नोंदणी भरून गेलेली असते.

आता माझा खरा मुद्दा, जो मागच्या लेखात एका परिच्छेदात आटोपला होता. ठरलेल्या टेबलाचं महत्त्व पांढऱ्या टेबलक्लॉथमुळे नाही, तीच माणसं रोज वाढतात म्हणून आहे. आमच्या धाकटीला शेंगदाणे आणि काजू-बदामाची ऍलर्जी आहे. बुकिंग करताना आम्ही ती लेखी कळवतो, तरी बोटीवर चढलं की परत सांगतो, कारण कागदावरची नोंद आणि समोरच्या माणसाच्या डोक्यातली नोंद यात फरक असतो. दुसऱ्या रात्री जेवण संपत आलं तेव्हा हेड वेटर उद्याचा मेन्यू घेऊन आला. धाकटीच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि तिलाच विचारलं, उद्या काय खाशील? तिने पास्त्यावर बोट ठेवलं. त्याने सॉसच्या नावावर काट मारली, शेजारी लिहिलं, "साधा टोमॅटो, वेगळं भांडं". मग डेझर्टच्या यादीतली तीन नावं खोडली आणि चौथ्याला गोल केला. दुसऱ्या दिवशी तिची प्लेट इतरांच्या ट्रेमधून आली नाही. त्याने ती वेगळी, झाकून, स्वतःच्या हाताने आणून ठेवली. पुढे रोज रात्री हेच. क्रूझवर जेवताना मी निर्धास्त असते ती त्या टेबलापुरतीच.

बुफेवर हे कोण करणार? तिथले लोक वाईट असतात असं मुळीच नाही, विचारलं तर ते मनापासून सांगतात. पण तिथे चिमटे सगळ्यांचे असतात. शेंगदाण्याच्या सॉसमधला चिमटा शेजारच्या सॅलडमध्ये जाऊन पडलेला मी पाहिला आहे. टाकणारी एक सहा-सात वर्षांची मुलगी होती, तिचा काय दोष? ज्यांच्या घरात ऍलर्जी नाही त्यांना हा मुद्दा लांबचा वाटेल. तरी मुलांसाठी अन्न बारीक कापून आणणं, एकाला तिखट नको, दुसऱ्याला भाज्या एकमेकींना लागलेल्या नकोत, आजोबांना मीठ कमी, हे सगळं एकाच माणसाला एकदाच सांगायचं की रोज नव्याने ट्रे हातात घेऊन शोधत फिरायचं? मुलं टेबलावर सोडून एकाने रांगेत उभं राहायचं, मग दुसऱ्याने, आणि पहिल्याचं गार झालेलं. संध्याकाळी सातला बुफेत बघा, आई-बाबा एका वेळी एकत्र बसलेले फार कमी दिसतील.

डिस्नेने १९९८ मध्ये पहिली बोट काढली, तेव्हा घरच्यांना रोज नवीन वाटावं म्हणून दर रात्री वेगळं रेस्टॉरंट ठेवलं. पण वेटर तेच ठेवले, ते तुमच्या मागोमाग हॉल बदलतात. मुलांच्या क्रूझचा एवढा विचार केलेल्या लोकांनी नेमकी कोणती गोष्ट बदलली आणि कोणती बदलली नाही, हे बघण्यासारखं आहे. उलट नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २००० च्या सुमारास ठरलेल्या वेळाच काढून टाकल्या, हवं तेव्हा या, हवं तिथे बसा. मोठ्यांच्या गटाला ते उत्तम आहे. अशा बोटीवर मुलं घेऊन गेलात तरी रोज लवकर, साधारण एकाच वेळी जाऊन पहिल्या दिवशीच्याच वेटरचं टेबल मागा. बहुतेक वेळा मिळतं.

बुफेला माझा विरोध नाही, हे पुन्हा लिहिते. बंदरावर उतरायच्या सकाळी तो हवाच, कारण तेव्हा बसून नाश्ता करायला वेळ कुठे असतो? दुपारी चारला पोहून आलेल्या पोराला भूक लागली की त्याच मजल्यावरचा पिझ्झा किंवा आइस्क्रीमचं मशीन कामी येतं. बंदरातून बोट संध्याकाळी सात-आठला निघणार असेल तर पहिली पंगत चुकणारच. अशा दिवशी बुफेला जा, फक्त आदल्या रात्री वेटरला सांगून ठेवा, म्हणजे तो वाट बघत बसत नाही. म्हणून पंगत निवडण्याआधी बंदरांचं वेळापत्रक पुढ्यात घ्या. उशिरा निघणारे दिवस जास्त असतील तर दुसरी पंगत आणि मुलांची दुपारची झोप, असा मेळ घालता येतो. बोटीवर चढायच्या दिवशी दुपारी मात्र बुफेत पाय ठेवायला जागा नसते, कारण केबिन तयार नसतात आणि सगळी बोट हातातल्या बॅगांसकट तिथेच येते. काही बोटींवर त्या दुपारी डायनिंग रूमही उघडी असते, पण फार कोणाला ठाऊक नसतं. दारावरच्या माणसाला विचारा.

बुफेत शिरताना हात साबणाने धुवा, मुलांचेही. दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका. बोटींवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. स्वच्छतेची काळजी वाटत असेल तर अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या बोटींची तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था न सांगता तपासणी करते, १०० पैकी गुण देते, ८५ किंवा त्याखाली गेले की बोट नापास. हे अहवाल कोणालाही वाचता येतात. बुकिंगआधी मी ते उघडून बघते.

आता पैसे. इथे तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. तिकिटात मुख्य डायनिंग रूम, बुफे, साधा चहा-कॉफी, पाणी आणि बहुतेक ठिकाणी पिझ्झा-आइस्क्रीम धरलेलं असतं. त्यापलीकडे मीटर सुरू. स्पेशालिटी रेस्टॉरंट (खास पदार्थांची, वेगळे पैसे घेणारी), मद्य, एस्प्रेसोसारखी खास कॉफी, बाटलीबंद पाणी आणि बऱ्याच कंपन्यांत मुलांचं कोल्ड्रिंकसुद्धा वेगळं. रूम सर्व्हिस एके ठिकाणी फुकट, दुसऱ्या ठिकाणी दर खेपेला आकार. डायनिंग रूमच्या मेन्यूतही एखाद्या पदार्थापुढे बारीक अक्षरात जादा रक्कम असते, ती मुलांच्या नजरेला पडत नाही. पेयांच्या बिलावर बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं. शिवाय माणशी, दिवसाची टिप खात्यातून वळती होते, अनेक कंपन्यांत मुलांचीही. मद्याचं पॅकेज एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी घेतलंच पाहिजे, ही काही कंपन्यांची अट तर मला सरळ अन्यायाची वाटते. हे तिकीट काढण्याआधी ठळक अक्षरात सांगायला हवं. पण ताई, यातलं काहीही डायनिंग रूमच्या विरोधात जात नाही. ती आणि तिथली माणसं तुमच्या तिकिटात आहेत, त्यांचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. मग ते टेबल रिकामं का सोडायचं?

अनोळखी लोकांबरोबर मोठं टेबल मिळालं, हीही तुमची तक्रार होती. चढल्या दिवशी दुपारी डायनिंग रूमचे प्रमुख टेबल बदलून देण्यासाठी ठरावीक वेळ बसतात, वेळ बोटीच्या ऍपवर किंवा दिवसाच्या कार्यक्रमपत्रकात असते. तेव्हा जाऊन फक्त आपल्या घरापुरतं टेबल मागा, जमल्यास दाराजवळचं, म्हणजे रडणाऱ्या बाळाला घेऊन चटकन बाहेर पडता येतं.

आणि भाचीबद्दल. घरी शिजवलेलं खाणं बहुतेक कंपन्या बोटीवर नेऊ देत नाहीत, पण बाळांचं सीलबंद खाणं आणि पावडर नेता येते. प्रवासाला पुरून थोडं उरेल इतकं न्या, बोटीवरच्या दुकानात मिळेलच असं नाही. उरलेलं फळ किंवा उघडा डबा बंदरावर घेऊन उतरू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत त्यावर मोठा दंड होतो. बाटली गरम करायला केबिनमध्ये मायक्रोवेव्ह नसतो, रूम सर्व्हिसकडून वाटीभर कढत पाणी मागवा आणि बाटली त्यात ठेवा. उंच खुर्ची बुकिंगमध्येच नोंदवा. आठ महिन्यांच्या बाळासाठी डायनिंग रूममधून उकडलेल्या भाज्या वाटून मिळतात, पण हे वेटरला आदल्या रात्री सांगावं लागतं. बिनमिठाच्या आणि बिनलोण्याच्या, हेही सांगा, नाहीतर त्या लोण्यात परतून येतात.