‘हॅचबॅकच्या खर्चात मर्सिडीज’: फिरत्या मेसेजमधलं खरं किती?

बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरतो. नव्या हॅचबॅकच्या पैशांत दहा वर्षं जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घ्या. बाहेरच्या गॅरेजला दिली की खर्चही हॅचबॅकएवढाच. जर्मन डिझेल इंजिनाला मरण नाही. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं. आणि पुरात भिजलेली मिळाली तर आणखी स्वस्त, धुऊन वाळवली की झालं. यातला खरेदीच्या किमतीचा भाग तेवढा खरा आहे. बाकीचं ऐकून धडधाकट गाड्या भंगारात जातात.

आधी खर्च. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. हेडलॅम्प, इंजेक्टर, टर्बो आजही महागड्या गाडीच्याच दराने मिळतात. विम्याचा आधारही इथे पातळ होतो. इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांच्या जुनेपणाची कपात न करणारा विमा, सहसा मिळत नाही. मग प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर ५० टक्के कपात, आणि गाडी १० वर्षांपुढची असेल तर धातूच्या भागांवरही ५० टक्के. बंपर फुटला की निम्मं बिल तुमचंच.

सगळ्यात घातक सल्ला गिअरबॉक्सचा. बीएमडब्ल्यूने ‘लाइफटाइम’ म्हटलं असलं तरी तिच्या गाड्यांतला ८ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते. या बॉक्सचा फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून अख्खा पॅन नवा लागतो, सोबत नवे बोल्ट. चूक होते ती भरताना. ऑइलची पातळी बघायची डिपस्टिक नसते; जेवढं निघालं तेवढं मोजून ओततात आणि पातळी कमी राहते. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, एकदा सगळे गिअर फिरवून घेतलेले आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना भरणीच्या तोंडातून बारीक धार बाहेर येईपर्यंत भरायचं, मग झाकण लावायचं. ऑडी ए४ डिझेलच्या जुन्या मल्टिट्रॉनिकचा प्रकारच वेगळा: तो सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक; त्याचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलायचं आणि खास त्याच्यासाठीचंच घालायचं. दुसरं कुठलंही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) तिथे चालत नाही.

‘डिझेलला मरण नाही’ म्हणणाऱ्यांनी २००७ ते २०११ च्या सुमाराच्या बीएमडब्ल्यू ३२०डी किंवा ५२०डीचं इंजिन जरूर ऐकावं. तिच्या एन४७ इंजिनाची टायमिंग चेन मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर त्या बाजूने घासल्यासारखा किंवा खडखडणारा आवाज आला तर सौदा तिथेच सोडा. चेन बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि ती तुटली तर इंजिनच जातं. दुसरी गोष्ट डीपीएफची, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. रावपुरा ते मांडवी एवढ्याच शहरातल्या छोट्या फेऱ्या मारल्या तर त्यातली काजळी जळायची प्रक्रिया अर्धवट राहते, डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. अहमदाबाद एक्सप्रेस-वेवर अधूनमधून एका वेगाने अर्धा तास गाडी पळवणं ही देखभालच आहे.

बाहेरचं गॅरेज मात्र वाईट नाही. चांगलं मिळालं तर अशी गाडी परवडते ती त्याच्यामुळेच. फक्त पारखून घ्या. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं: बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, मर्सिडीजला २२९.५१, ऑडीला ५०७.००. कंपन्यांच्या ऑइल-मानकांचे हे आकडे न विचारता कॅन फोडणाऱ्याकडे गाडी देऊ नका. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवली की स्कॅनरने तिची नोंद करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजून चार्ज करत राहते आणि ती लवकर बसते. इलेक्ट्रिक वॉटर पंप असलेल्या पेट्रोल मॉडेलमध्ये कूलंट बदलल्यावर हवा काढायची रीतही ठरलेली आहे: बॅटरीला चार्जर जोडा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यात कमी, ॲक्सिलरेटर १० सेकंद दाबून सोडा, पंप सुमारे १२ मिनिटं आपोआप चालतो. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्डच घाला.

आता पुराची गाडी. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, आणि समा, अकोटा, कारेलीबाग भागांत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. धुतल्याने सीट स्वच्छ होते, वायरिंग नाही. या गाड्यांची कंट्रोल मॉड्यूल (गाडी चालवणारे छोटे कॉम्प्युटर) कार्पेटखाली आणि डिकीच्या तळाशी असतात. कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी तांब्यावर हिरवा थर चढवतं आणि बिघाड सहा-आठ महिन्यांनी सुरू होतात, एकेक करून, कधी एअरबॅगचा दिवा, कधी बंद पडलेली खिडकी. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा. सीटच्या रुळांवरचा गंज, सीटखालचे पिवळे कनेक्टर, डिकीतला बॅटरीचा खळगा तपासा, कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा. यातलं एकही लक्षण सापडलं तर विकणारा किंमत कितीही उतरवो, ती गाडी घेऊ नका.