ज्वालुंड जेवतो काय?

माझ्या कादंबरीच्या तिसऱ्या पानावर नायक तलवार उपसून उभा आहे. आता आभाळातून एक अक्राळविक्राळ प्राणी त्याच्यावर झेपावणार. गेले आठ महिने तो झेपावायचा राहिलाय, कारण त्याचे खांदे जमत नाहीयेत.

नाव मात्र पहिल्याच दिवशी सुचलं: ज्वालुंड. चार पाय, दोन पंख, हत्तीएवढा देह, तोंडातून आग आणि मुक्काम उघड्याबोडक्या ज्वालामुखीच्या माथ्यावर. चित्र काढलं, रंगवलं आणि हौसेने भाचीला दाखवलं. इथवर ठीक होतं. पण बारा वर्षांच्या मुलीला "काही शंका?" असं कधी विचारू नये.

"मामा, पंख कुठल्या हाडाला जोडलेत?"

आता पक्षी घ्या नाहीतर वटवाघूळ, पंख म्हणजे मुळात पुढचे पायच. जमिनीवरच्या कणाधारी प्राण्यांना हातपाय मिळून चारच मिळतात, वर एकही नाही. ज्वालुंडाचे झाले सहा. म्हणजे पायांचे खांदे वेगळे, पंखांचे वेगळे, आणि पंख मारायला छातीवर जे दणकट स्नायू लागतात ते ठेवायचे कुठे? खोडून काढ, काढून खोड. त्या जागी कागद इतका झिजलाय की उजेडात धरला तर पलीकडची भिंत दिसते. शेवटी पुढचे पाय कापले.

मग वजन आडवं आलं. गॅलिलिओने १६३८ सालच्या पुस्तकात मेख मारून ठेवली आहे: प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला की वजन आठपट होतं, पण हाडाची ताकद ज्यावर ठरते तो त्याचा आडवा छेद चौपटच. क्वेट्झलकोॲटलस नावाचा एक प्राचीन उडता सरडा (सरडा म्हणू नकोस, भाची म्हणते, तो टेरोसॉर) पंख पसरले की दहा मीटरच्या घरात जायचा, तरी वजनात हत्तीच्या आसपासही नव्हता. ज्वालुंडाला पथ्यावर ठेवला.

आगीसाठी बॉम्बार्डियर नावाच्या भुंगेऱ्याकडे गेलो. तो पोटातली रसायनं ऐन वेळी वेगळ्या कप्प्यात सोडतो, तिथे ती उसळतात आणि शंभर अंशांच्या आसपास तापलेला फवारा शत्रूच्या तोंडावर. शास्त्राला धरून झालं, पण माझा आग ओकणारा प्राणी आता गीझर झाला होता.

"आणि गुहेतली ही हाडं कुणाची?"

"त्याने ज्यांना खाल्लं त्यांची."

"ते सगळे या उघड्या डोंगरावर कशाला आले होते?"

याला उत्तर नव्हतं. गवतातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्सा गवत खाणाऱ्याच्या अंगी लागतो, आणि त्यातला दहावा त्याला खाणाऱ्याच्या. म्हणजे ज्वालुंडामागे कळप, कळपामागे कुरण, कुरणामागे पाऊस. पाऊस पाडायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, वारा समुद्रावरून येतो त्याच बाजूला मी डोंगर उभे केलेत आणि कुरण पडलंय पर्जन्यछायेत. अख्खी पर्वतरांग खोडरबराने उचलून पलीकडे ठेवली. तिच्याखाली राजधानी गेली. (तिथलं राजघराणं मला तसंही आवडत नव्हतं.) शिवाय ज्वालुंड एकटाच असेल तर तो शेवटचाच, म्हणून मादी आली, पिल्लं आली, त्यांचाही खुराक आला. पांढरा हत्ती परवडला.

एवढं करून निसर्ग स्वतः काय करतो? १७९९ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञापुढे प्लॅटिपसचं सुकवलेलं कातडं आलं, तर त्याला वाटलं कुणीतरी बदकाची चोच चिकटवून थट्टा केली आहे. प्राणी अंडी घालतो, पिल्लांना दूध पाजतो, त्या दुधाला स्तनाग्रं नाहीत, आणि नराच्या मागच्या पायाला विषारी काटा. असलं काही मी काढून दाखवलं असतं तर भाचीने वही माझ्या अंगावर फेकली असती.

परवा तिने शेवटचं विचारलं. "एवढे कळप, मामा. शेण कोण उचलतं?"

हसू नका. ऑस्ट्रेलियात बाहेरून गाईगुरं नेली, पण तिथल्या शेणकिड्यांना गाईचं शेण झेपेना. पो तसेच पडून राहू लागले, माश्या माजल्या, आणि अखेर किडे परदेशातून आणावे लागले. माझ्या कुरणावर तर साडेतीनशे जनावरं.

म्हणून रात्रभर जागून शेणकिडा काढला. सहा पाय, आणि तेही हक्काचे. पाठ तांब्याच्या रंगाची, पुढच्या पायांना करवतीसारखे दाते, डोकं खुरप्यासारखं चपटं. एकदाही खोडलं नाही. भाचीने कागद बराच वेळ हातात धरला, किड्यावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा मस्त आहे. हा खरा वाटतो."

तेव्हा तिसऱ्या पानावर थोडी दुरुस्ती केली. नायक तलवार उपसून अजून तिथेच उभा आहे, आभाळाकडे बघत. त्याला फक्त एवढंच सांगितलंय की बाबा, पाय जरा जपून ठेव.