‘लॉकडाऊनमुळे दोन कोटी बाळं’? जरा हिशेब करा

‘घरात कोंडल्यावर दुसरं काय होणार’ अशी मल्लिनाथी करत एक आकडा अजून फिरतोय: लॉकडाऊनमुळे भारतात दोन कोटी बाळं जन्मली. आकडा युनिसेफचाच, मे २०२० मधला. पण तो ११ मार्चपासूनच्या ४० आठवड्यांतल्या अपेक्षित जन्मांचा अंदाज होता. गरोदरपणही साधारण ४० आठवड्यांचंच, म्हणजे यातली जवळपास सगळी बाळं २५ मार्चच्या टाळेबंदीआधीच पोटात होती. शिवाय वर्षाला सुमारे २ कोटी ४० लाख जन्म हा आपला तेव्हाचा नेहमीचाच आकडा. वाढ कुठाय?

आणि एकांत तरी कुठे होता? २०११च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. दहा बाय दहाची खोली, सासूबाई कॉटवर, पोरं खाली चटईवर, दिवसभर कुणीच बाहेर जात नाही. एरवी पोरं शाळेत गेल्यावर मिळणारा तासभरही गेला. त्यात पगाराची धास्ती. काही जोडपी जवळ आली असतील, नाही कोण म्हणतंय! पण म्हणून दोन कोटींचा हिशेब काही जुळत नाही.