गाडी चेपली नाही, मग मार गेला कुठे?

आमच्या मामांकडून आलेला एक फॉरवर्ड गेल्या महिन्यात चौथ्यांदा माझ्यापर्यंत पोचला. एका बाजूला १९६९ ची डॉज चार्जर, समोरचा बंपर जरासा वाकलेला. दुसऱ्या बाजूला आजकालची कुठलीशी सेदान, बोनेट पार दुमडून काचेपर्यंत आलेलं. खालच्या मजकुराचा गोषवारा असा: पूर्वी गाड्या लोखंडाच्या असत, आता पत्र्याचे डबे विकतात, त्या काळच्या अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनाच्या, भरपूर ताकदीच्या गाड्या) म्हणजे रणगाडे, आत बसलेल्याला ओरखडाही उठत नसे, कंपन्यांनी पैसे वाचवायला गाड्या मुद्दाम मऊ केल्या.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे मी ती घेऊन जातो. तिच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनचा आवाज ऐकला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. जुन्या गाड्यांवरच्या रागातून मी हे लिहीत नाही. या मजकुरावर भरवसा ठेवून कुणीतरी अशा गाडीत आपल्या लेकरांना बसवेल, या धास्तीने लिहितो आहे.

मजकुराचा सगळा डोलारा पहिल्या वाक्यावर उभा आहे: जी गाडी चेपत नाही ती मजबूत, आणि मजबूत ती सुरक्षित. अर्धं वाक्य खरं आहे. चार्जरचा बंपर खरोखरच दणकट. पार्किंगमध्ये, चालण्याच्या वेगाने कुणी येऊन धडकलं तर जुन्या गाडीला फारसं काही होत नाही आणि नव्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करताना खिसा रिकामा होतो. तिथे मामांचं म्हणणं मला मान्य आहे. पण हा हिशेब गॅरेजच्या बिलाचा झाला. वेग वाढला की मोजायचं काय, तेच बदलतं.

ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणारा माणूस भिंतीवर आदळून थांबतो, तेव्हा त्याच्या अंगातला वेग कुठेतरी जिरावाच लागतो. गाडीचं तोंड दुमडलं आणि पट्ट्याने बांधलेल्या माणसाला थांबायला एकूण साठ सेंटिमीटर मिळाले, तर त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी २७ पट जोर येतो. तोंड दुमडलंच नाही, गाडी जागच्या जागी थांबली आणि पट्टा न लावलेला माणूस स्टिअरिंगवर जाऊन दहा सेंटिमीटरांत थांबला, तर तोच जोर १६० पटींवर जातो. बारावीच्या भौतिकशास्त्राचं गणित आहे, कागदावर कुणीही करून बघावं. १९५४ च्या डिसेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या हवाईतळावर जॉन स्टॅप या लष्करी डॉक्टरने स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीत बांधून घेतलं आणि ४६ पट जोर सोसला. तो जगला, कारण पट्ट्यांनी नीट बांधलेला होता आणि थांबायला त्याला सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळाला. माणसाचं शरीर बरंच सोसतं, फक्त त्याला थांबायला जागा हवी. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो ते याचसाठी. मडकं लोखंडी पेटीत नुसतं टाकून पेटी आपटली तर पेटी शाबूत राहील, मडक्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा नव्या गाडीचं दुमडलेलं बोनेट कंपनीच्या कंजूषपणाची खूण नाही. पुढचा भाग दुमडावा आणि माणसं बसतात तो पिंजरा ताठ राहावा ही कल्पना मर्सिडीजचे अभियंता बेला बारेन्यी यांची, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची. १९५९ मध्ये ती मर्सिडीजच्या विक्रीतल्या गाडीत आलीसुद्धा. त्या पिंजऱ्यात आज जे पोलाद वापरतात ते साठच्या दशकातल्या पत्र्याच्या कित्येक पट ताकदीचं असतं. म्हणजे लोखंड कमी झालेलं नाही. ते जिथे कडक हवं तिथे कडक झालं आणि जिथे नरम हवं तिथे नरम.

‘जुनी गाडी वजनदार, म्हणून समोरच्याला चिरडेल,’ असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे. दोन गाड्यांच्या टकरीत जडाचा फायदा होतो हे खरंच. पण वजनाचा समजच उलटा आहे. साठच्या दशकाच्या मध्यातली मस्टँग साधारण १,२०० ते १,३०० किलोची असे, आजची व्ही-८ मस्टँग १,७०० च्या पुढे जाते. रस्त्यावर मी हलका आहे, जड समोरचा.

आता एका प्रसिद्ध चाचणीकडे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था १९५९ मध्ये सुरू झाली. पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २००९ मध्ये, तिने १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर, निम्म्या तोंडावर, आदळवली. बेल एअर ही काही मसल कार नव्हे, घरगुती सेदान होती. पण मसल कार निघाल्या त्या अशाच घरगुती गाड्यांच्या सांगाड्यांत मोठं इंजिन बसवून, म्हणून ही चाचणी इथे लागू पडते. बेल एअरमध्ये स्टिअरिंग वर आणि मागे सरकलं, चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं डोकं त्यावर, मग छतावर आणि उघड्या लोखंडी डॅशबोर्डवर आपटलं. समोरची काच निखळली, चालकाचं दार धडकेतच उघडलं, सीट एका बाजूने जमिनीपासून उखडली. मालिबूच्या चालकाला पायाची इजा संभवत होती. बेल एअरचा चालक बहुधा वाचला नसता.

यावर फॉरवर्डवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे: बेल एअरमधून इंजिन काढलं होतं आणि गाडी गंजकी होती. इंजिन होतं, सहा सिलिंडरचं. व्हिडिओत उडणारी लालसर धूळ बघून लोक गंज म्हणतात. पण गाडीचा सांगाडा धड होता, असं संस्थेने सांगितलेलं आहे. एक आक्षेप मात्र मी रास्त मानतो. त्या गाडीची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती, बाजूंना तिचा आधार नव्हता, आणि जनरल मोटर्सने पुढे ती पद्धत सोडली. शेव्हरलेच्याच शेव्हेल या मसल कारची चेसिस याहून बरी होती. मस्टँग आणि चार्जर यांची घडण आणखी वेगळी, त्यांना सुटी चेसिसच नव्हती. म्हणून काय बदललं असतं? दुमडायला राखलेला भाग यांतल्या एकीतही नव्हता. बेल एअरच्या पुतळ्याला मारलं ते स्टिअरिंगने आणि डॅशबोर्डने, आणि तशीच स्टिअरिंगं माझ्या मस्टँगच्या सालातही लागत होती.

त्या स्टिअरिंगबद्दल सांगायलाच हवं. जुन्या अनेक अमेरिकन गाड्यांत स्टिअरिंगचा गिअरबॉक्स पार पुढे, आणि तिथून चालकाच्या छातीपर्यंत एक सरळ, भरीव दांडा. गाडीचं तोंड मागे आलं की दांडा मागे येतो. भाला म्हणा हवं तर. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून आत दबणारा दांडा दिला, आणि १९६८ च्या सुरुवातीपासून कायद्याने तो सगळ्यांना द्यावा लागला. त्याच सुमाराला पुढच्या सीटना खांद्यावरचा पट्टा सक्तीचा झाला. पण तो सुटा, छताला अडकवलेला तुकडा होता आणि बहुतेकांनी तो तिथून कधी काढलाच नाही. म्हणजे फोटोतली १९६९ ची चार्जर माझ्या गाडीपेक्षा बरीच बरी. तीन वर्षांत एवढा फरक पडला, कारण ९ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. कंपन्यांनी गाड्या मऊ केल्या म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

माझ्या मस्टँगची डिकी उघडली की मी लोकांना मुद्दाम तळ दाखवतो. डिकीचा तळ म्हणून जे दिसतं ती पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू आहे. टाकी वरून भोकात ठेवून स्क्रूने आवळलेली, साठ लिटरची. तिच्यापासून मागच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या पाठीपर्यंत मध्ये पोलादी भिंत नाही. असतो तो पुठ्ठा आणि सीटची गादी. मागून जोराची धडक बसून टाकीचं तोंड फाटलं तर पेट्रोल कुठे येणार, याचा विचार ज्याने त्याने करावा.

‘आमचे आजोबा आयुष्यभर अशीच गाडी चालवत होते, त्यांना काही झालं नाही.’ तुमचे आजोबा सुखरूप राहिले याचा मनापासून आनंद आहे. पण ज्यांचे आजोबा त्या स्टिअरिंगवर गेले, त्यांची नातवंडं ग्रुपवर असे फोटो टाकत नाहीत. १९६६ साली अमेरिकेत रस्त्यांवर पन्नास हजारांहून जास्त माणसं मेली. गाड्या एकूण धावल्या त्यातल्या दर १० कोटी मैलांमागे साडेपाच मृत्यू. २०१९ मध्ये तोच आकडा सुमारे १.१ होता. यात रस्ते सुधारले, दवाखाने सुधारले, दारू पिऊन चालवण्यावर कडक कायदे झाले, हे सगळं आलं. सगळं श्रेय एकट्या गाडीला देता येणार नाही. पण जुन्या गाड्या रणगाडे असत्या तर हा आकडा असा उलटा दिसला नसता.

शेवटचा मुद्दा हुशार लोक काढतात, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: गाडी वाईट नसते, चालवणारा कच्चा असतो, नीट चालवलं तर टक्कर होईलच कशाला? मसल कारच्या बाबतीत हे सगळ्यांत कमी खरं आहे. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ घ्या. ३२५ अश्वशक्तीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचा पर्यायच १९६७ मध्ये आला. १,७०० किलोची गाडी ताशी ११० वरून एकदा थांबवताना जी उष्णता होते तिच्यावर दोन लिटर गार पाणी उकळेल. ही सगळी ऊब बंद ड्रममध्ये कोंडते. ड्रम तापून फुगतो, त्याला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूपासून लांब जातो, शूवरच्या लायनरची पकड सुटते. पहिल्यांदा गाडी छान थांबते. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलं की पेडल खाली जात राहतं आणि गाडी चालत राहते. इथे कसबी चालक काय करणार?

माझ्यावर हे एकदा ओढवलेलं आहे, तेही ड्रम न तापता. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असे, चारही चाकांना मिळून. मागच्या चाकाकडे जाणारी नळी गंजून फुटली आणि घराजवळच्या उतारावर माझं पेडल थेट जमिनीला टेकलं. पुढचे ब्रेकही गेले, कारण ऑइल एकाच ठिकाणचं. गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, शेजाऱ्याच्या हिरवळीत शिरून थांबलो. वेग कमी होता, समोर कुणी नव्हतं. त्यात माझं कौशल्य काडीचंही नव्हतं.

शिवाय अशा अनेक गाड्यांत मागचा सबंध ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर, वजन सगळं तोंडाकडे आणि ताकद मागच्या चाकांना. ओल्या रस्त्यावर वळणात पाय जरा जास्त पडला की मागचा भाग बाहेर जातो. तो सावरायला निष्णात हातालासुद्धा क्षणभर लागतो, आणि घसरणं ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा ते काम त्याआधी करते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून ती सक्तीची आहे, आणि एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांची शक्यता तिने जवळपास निम्म्यावर आणली. नवं म्हणून सगळं उत्तम असंही नाही. २०१७ च्या सुरुवातीला युरोपातल्या चाचणीत नव्या मस्टँगला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. आणि जुन्या गाडीचे खांब बारीक असल्याने चौफेर दिसतं छान, हे सुख मला आजच्या गाड्यांत सापडत नाही.

मामांनी फोनवर विचारलं, एवढं माहीत असून तू ती विकत का नाहीस? विकणार नाही. त्या उतारानंतर मी पुढच्या-मागच्या ब्रेकचं ऑइल वेगळं ठेवणारा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढे डिस्क घातल्या, नळ्या सगळ्या नव्या टाकल्या, टायर रेडियल केले. पुढच्या दोन्ही सीटना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत, डिकी आणि मागच्या सीटच्या मध्ये पोलादी पत्रा ठोकून घेतला आहे. स्टिअरिंगचा दांडा अजून मूळचाच आहे, तो या हिवाळ्यात बदलायचा आहे. पाऊस असेल तर गाडी बाहेर काढत नाही, महामार्गावर नेत नाही. वुडवर्डला जाताना माझी दोन्ही मुलं हट्ट करतात. ती त्यांच्या आईबरोबर आमच्या रोजच्या गाडीतून मागून येतात. मस्टँगच्या मागच्या सीटवर घडीच्या खुर्च्या आणि डब्यांची पिशवी असते.