गरारच्या राजाचं स्वप्न सैतानाने पाठवलं नव्हतं

"ख्रिस्ताला न मानणाऱ्याला प्रार्थनेत शांती मिळाली, स्वप्न पडलं, दर्शन झालं, तर ते हमखास सैतानाचं काम. असे अनुभव ऐकूनही घेऊ नका, ऐकणाऱ्याच्या घरात दुष्ट आत्मे शिरतात." पाच मुद्द्यांचा हा संदेश ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं, पण माझ्या मावसबहिणीने तो मनावर घेतला. त्या घरात बाप्तिस्मा फक्त तिचा झालाय. काका गेले त्या रात्री प्रार्थना करताना कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं आणि रडू थांबलं, असं मावशी सांगत होती. बहिणीने तिला मध्येच तोडलं, "आई, तो सैतान होता." नुकताच नवरा गेलेल्या बाईला पोटच्या मुलीकडून हे ऐकावं लागलं. आणि हे म्हणे बायबलच्या वचनाच्या आधाराने!

मग वचनच उघडू या. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय २०. अब्राहाम गरारला येतो आणि जिवाच्या भीतीने साराला बहीण म्हणून सांगतो. तिथला राजा अबीमलेख तिला घेऊन जातो. त्या रात्री देव स्वप्नात येतो तो या परक्या राजाच्या. राजा म्हणतो, मी हे निर्मळ मनाने केलं. देव म्हणतो, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर मीच तुला पापापासून आवरलं. सकाळी राजा अब्राहामाला जाब विचारतो, आणि संदेष्टा असलेल्या अब्राहामाचं उत्तर काय? "मला वाटलं, या ठिकाणी देवाचं भय नसणारच." हा फिरता संदेश नेमकं हेच वाक्य बोलतो आहे, आणि त्या अध्यायात ते चुकीचं ठरलं आहे. राजा खरं बोलत होता, खोटं अब्राहाम बोलला होता. तरी देवाने अब्राहामाला टाकलं नाही. राजासाठी प्रार्थना त्यालाच करायला लावली. एवढा एक अध्याय नीट वाचला असता तर "हमखास" हा शब्द लिहायला हात धजावला नसता.

आता संदेशातली वचनं. १ करिंथ १०:२०, परराष्ट्रीय अर्पणं करतात ती भुतांना करतात. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल हे लिहितो, मान्य. पण तो देवळातल्या यज्ञाच्या पंक्तीला बसणाऱ्या ख्रिस्ती लोकांना बजावतो आहे. कुणाच्या रात्रीच्या प्रार्थनेचा निवाडा तिथे नाही. त्याच अध्यायात सात ओळी पुढे तो सांगतो की विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे वाढलेलं खा. ती ओळ संदेशातून गळली आहे.

सैतान तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो, हे २ करिंथ ११:१४. त्याच्या आधीची ओळ वाचा. पौलाचा रोख ख्रिस्ताचे प्रेषित म्हणवून घेत मंडळीत शिरलेल्या खोट्या लोकांवर आहे. ते वचन शेजारच्या धर्मावर फेकण्याआधी आपल्याच व्यासपीठाकडे बघायला हवं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. प्रत्येक अनुभव देवाकडूनच असतो असं नाही. फिलिप्पै शहरातली भविष्य सांगणारी दासी पौलाबद्दल खरं तेच ओरडत होती, तरी तिच्यातला आत्मा पौलाने काढला. म्हणूनच आत्म्यांची परीक्षा करा असं योहान लिहितो. पण परीक्षा करायची तर आधी ऐकावं लागतं. निकाल आधीच लावून ठेवला असेल तर परीक्षा कसली? आणि ती आपल्या मंडळीतल्या अनुभवांनाही लागू आहे.

संदेशाचा पुढचा मुद्दा, "खरी शांती फक्त ख्रिस्तात, म्हणून इतरांची खोटी." लुस्त्र या गावी लोक पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना देव समजून बैल कापायला निघाले होते. त्या मूर्तिपूजकांना पौल सांगतो की देवाने स्वतःला साक्षीविना ठेवलं नाही, पाऊस त्यानेच दिला, अन्नाने आणि हर्षाने तुमची मनं त्यानेच तृप्त केली (प्रे. कृत्ये १४:१७). ख्रिस्तात मिळणारं तारण हा वेगळा विषय आहे, आणि मी त्यातलं काही कमी करत नाही. पण दुःखात मिळालेला दिलासा देवाचा असूच शकत नाही, हे पौलाच्या तोंडी घालू नका.

शेवटचा मुद्दा, "व्हॅटिकनने सगळे धर्म सारखे ठरवले आणि सुवार्ता (येशूचा संदेश) सोडली." सरळ खोटं. व्हॅटिकनच्याच २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या इतर धर्मांविषयीच्या घोषणेत इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं म्हटलंय, आणि लगेच पुढे, मार्ग, सत्य आणि जीवन असलेल्या ख्रिस्ताची घोषणा चर्चने सतत केलीच पाहिजे, असंही. सुवार्ता सांगणं आणि ऐकून घेणं यांत भांडण नाहीच. येशूचा शिष्य पेत्र कर्नेल्य नावाच्या परक्याच्या घरी पोचला तेव्हा त्याने आधी विचारलं, मला का बोलावलंत? त्या रोमी शताधिपतीने आपलं दर्शन पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ते ऐकून झाल्यावर पेत्राने तोंड उघडलं आणि येशूविषयी सांगायला सुरुवात केली.