कोड पुसला म्हणजे दुरुस्ती झाली का?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की साताऱ्यातला आमचा गॅरेजवाला स्कॅनर जोडतो, कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसतो, पैसे घेतो. "झालं काम, दादा!" खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत दिवा पुन्हा हजर. अरे, कोड कुठला होता ते तरी वाचा की! ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी झडप), डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी), काहीही असू शकतं. पुसला की बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते, मग पुढच्याने शोधायचं काय? बीएस-६ (सध्याचा प्रदूषण नियम) डिझेलच्या डीपीएफमधली काजळी जळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. गावातल्या गावात राजवाडा ते पोवई नाका एवढ्याच फेऱ्यांत ती जळणार कशी? गाडी विकताना हे कुणी सांगत नाही. दिवा लुकलुकत असेल तर बहुधा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं), म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची) वाट लागू शकते. तरी सल्ला तोच: "चालवा बिनधास्त!"