लोक समाधानी, म्हणून समाज शाश्वत?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं सार असं: भूतान जगातला सर्वांत सुखी देश आहे, कारण त्याने जीडीपीला फाटा दिला, नागरिक समाधानी आहेत का एवढं विचारलं की समाज शाश्वत आहे की नाही, म्हणजे पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असा जगतोय की नाही, ते कळतं, आणि समाधानी माणूस मुळात निसर्गाला कमी ओरबाडतो. वाचायला छान आहे, पण तपासलं की तिन्ही विधानं ढेपाळतात.

भूतानचं आधी उरकू. देशांची क्रमवारी लावणाऱ्या जागतिक आनंद अहवालात २०१९ साली भूतान ९५ वा होता. शिवाय तो देश एका प्रश्नावर विसंबतही नाही. तिथल्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात ९ क्षेत्रं आणि ३३ निकष आहेत. जंगलाचं तर थेट संविधानातच लिहून ठेवलंय: किमान ६० टक्के भूभाग कायम वनाच्छादित. लोकांना बरं वाटतंय ना, मग झालं, असं भूतानने कधी म्हटलेलं नाही.

खरी गोची दुसऱ्या विधानात आहे. आनंद अहवालाची क्रमवारी ज्या प्रश्नावर उभी आहे, तो वाचून बघा. एका शिडीची कल्पना करा. तळाची पायरी शून्य, वरची दहा. वर तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं आयुष्य, खाली सर्वांत वाईट. सध्या तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? उत्तर येतं ते आजचं. जमिनीखाली पाणी किती उरलं, हवेत कार्बन किती साठला, हे त्या पायरीवरून दिसत नाही. आणि तीस वर्षांनी जन्मणारं मूल या पाहणीत येणार तरी कुठून? फिनलंड २०१८ पासून या यादीत अव्वल आहे. पण सगळं जग फिनलंडसारखं जगू लागलं तर तीन पृथ्व्याही कमी पडतील. स्टिग्लिट्झ, सेन आणि फितुसी या अर्थतज्ज्ञांच्या आयोगाने २००९ मध्येच सांगितलं होतं की आजचं कल्याण आणि शाश्वतता वेगवेगळी मोजा. त्यांचाच दाखला: गाडीचा वेग आणि टाकीतलं इंधन एकाच आकड्यात कोंबलं, तर चालकाने त्यातून काय समजायचं?

तिसऱ्या विधानासाठी हमखास मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा देश पुढे केला जातो. हॅपी प्लॅनेट निर्देशांकात तो अनेकदा पहिला आला, हे खरंच. पण त्या निर्देशांकात समाधान आणि आयुर्मानाच्या जोडीला निसर्गावरचा भार वेगळा मोजतात. समाधानी माणसं आपोआप कमी वापरत असती, तर ही उठाठेव कशाला?

मग समाधान मोजूच नये का? जरूर मोजावं, पण धोक्याची घंटा म्हणून. इजिप्तची अर्थव्यवस्था २००५ ते २०१० या काळात वाढत होती. त्याच काळात, आजची आणि पाच वर्षांनंतरची पायरी विचारणाऱ्या गॅलप या पाहणी संस्थेच्या पाहणीत, भरभराटीत मोडणाऱ्यांचं, म्हणजे दोन्ही पायऱ्या वरच्या सांगणाऱ्यांचं, प्रमाण २९ टक्क्यांवरून १२ वर आलं. जानेवारी २०११ मध्ये लोक सरकारविरोधात कैरोच्या तहरीर चौकात उतरले. जीडीपीच्या तक्त्यात याची चाहूलही नव्हती.